सर्जेरावला कॉलेज मिळेना!

कॉलेजचे किस्से म्हटले की लोकांना गॅदरिंगमधली हुल्लड आठवते. आम्हाला आठवतात खिडकीमागचे कारकून! सांगलीतल्या आमच्या खोलीवर चहाचं आधण ठेवलं, की त्यांच्या नावानं शिमगा सुरू व्हायचा आणि रोज नवा किस्सा जमा व्हायचा. खोलीत आम्ही तिघे. वाईचा मी, साताऱ्याच्या अत्तारांचा बशीर आणि उंब्रजचा सर्जेराव.

नायक अर्थात सर्जेरावच. पहिलं वर्ष सांगलीत करून गडी इंटरला पुण्याला गेला, बेचाळीसच्या धामधुमीत पकडला गेला आणि सुटून आला तो थेट आमच्या खोलीवर. त्याला एकच हवं होतं, इंटरच्या परीक्षेला बसायचं. त्यासाठी कुठल्या तरी कॉलेजनं घ्यायला हवं. पण घेतो कोण!

*

आधी तो पुण्यालाच गेला. कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं.

"दुसऱ्या टर्मला हजेरी नाही तुमची. होता कुठं?"

"जेलात."

"ते मला सांगू नका. हजेरीचं बोला!"

"हजेरीचंच बोलतोय की! तितं रोज दोनदा घ्यायचे. एक दिस चुकलो न्हाई मी!"

खिडकी धाडकन बंद झाली.

*

मग कोल्हापूर. तिथं जागा होती, पण आधीचं कॉलेज सोडल्याचा दाखला हवा होता. सर्जेराव पुन्हा पुण्याला.

"सोडायला आधी पटावर नाव लागतं. तुमचं कधीच कमी केलंय," कारकून म्हणाला.

"मग कमी केल्याचं तरी लिहून द्या."

"पटावर नसलेल्याला आम्ही काही लिहून देत नाही!"

सांगा आता, याला काय म्हणायचं? ऐकून माझं डोकं फिरलं. बशीर मात्र शांतपणे म्हणाला, "म्हंजे सर्ज्या, तू कॉलेजात न्हाईस, आन् कॉलेज तू सोडलंबी न्हाईस. भूत झालंय गड्या तुजं!"

*

मी म्हटलं, सांगलीलाच परत ये की! सर्जेराव भडकला.

"मागं फिरू? गावात तोंड कसं दावू रं?"

त्याचंही खरं होतं. पुण्याला निघाला तेव्हा गावानं हलगी वाजवून त्याला मोटारीत बसवलं होतं. आता चावडीवर त्याच्या सांगलीला परतण्याचा विषय निघाला, तर त्याचा चुलता सगळ्यांदेखत म्हणाला, "गुऱ्हाळाचा बैलसुदिक मागं फिरत न्हाई रं!" आणि सगळे हसले. पोलीस आले तेव्हा दारं लावून बसलेले हेच लोक बरं का! अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

सर्जेरावचे वडील, आबा, तिथंच बसले होते. पलटणीतले पेन्शनर हवालदार, पहिल्या महायुद्धात पार इराकात, बसऱ्याला जाऊन आलेले. पोरगा जेलात गेल्यापासून त्याच्याशी धड बोलत नव्हते.

*

शेवटी सर्जेराव सांगलीच्या कॉलेजात गेलाच. प्रिन्सिपॉल म्हणाले, "जागा देतो. पण हा पुन्हा असल्या भानगडीत पडणार नाही, अशी हमी सरकारदरबारी मान असलेल्या कुणीतरी दिली पाहिजे."

माझे मामा वाईला वकील. स्वातंत्र्यावर असं बोलायचे की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. आम्ही मोठ्या आशेनं गेलो. हमीचं नाव काढताच मामांना खोकला सुरू झाला.

"प्रकृती ठीक नाही रे माझी."

"हमी द्यायला प्रकृती कशाला लागते, मामा?" मी विचारलं.

मामी म्हणाली, "पोहे घ्या."

ते पोहे मी आजतागायत पचवतोय!

*

प्रवेश बंद व्हायच्या दिवशी खोलीच्या दारात आबा उभे. न बोलावता आलेले. अंगात खाकी कोट, छातीवर बिल्ले. "चला," एवढंच म्हणाले.

बिल्ले पाहून प्रिन्सिपॉल खुर्चीतून उठलेच! "असा बाप, आणि त्याच्या पोटी हा मुलगा! हवालदार, तुम्ही सरकारचं मीठ खाल्लेला माणूस. तुमची हमी म्हटल्यावर मला काळजीच नाही." त्यांनी तिथल्या तिथं सर्जेरावच्या प्रवेशावर सही केली आणि हमीचा कागद आबांपुढं सरकवला.

आबांनी एकेक अक्षर कोरत सही केली. उठले, टाचा जुळवून कडक सलाम ठोकला.

"पोराची हमी दिली, सायेब," आबा म्हणाले. "पर माजी कोन देनार?"