टाक्यांवरची मशीन

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेवढ्या बळावर लिहायला बसलो, याची आधी माफी मागतो. डॉक्टरकीतलं मला कळत नाही. आईच्या आजारपणात जे पाहिलं तेवढंच सांगतो.

आईला साखर आहे. पोटाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटचे टाके पिकायची भीती असते. म्हणून शिवलेल्या जखमेवर त्यांनी स्पंजची पट्टी बसवली आणि तिची नळी एका छोट्या मशीनला जोडली. मशीन आतली हवा आणि ओल ओढून घेते, जखमेच्या कडा एकमेकींना धरून राहतात. नर्सदीदींनी बजावलं होतं, ही बंद करायची नाही.

रविवारी विजय नगरहून मोठेबाबा दवाखान्यात आले, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. फॅक्टरीतून रिटायर झालेले. बुद्ध विहारात त्यांचा शब्द चालतो. सोबत चार माणसं. खाटेजवळ वंदना घ्यायचं ठरलं. मशीन घरघरत होती.

"बंद कर रे ते. वंदनेत बरं नाही वाटत."

मी म्हणालो, "दीदी नाही म्हणाल्या, मोठेबाबा."

"अच्छा? कॉलेजात जाऊन राहिला तं आता आमाले शिकवशील काय?"

सगळे हसले. बटण त्यांनीच दाबलं. वंदना झाल्यावर मी मशीनकडे वाकलो, तर म्हणाले, मी करतो सुरू, तू चहा घेऊन ये. चहा पिऊन ते गेले. वॉर्डातल्या पंख्यांच्या आवाजात मला काही कळलं नाही. संध्याकाळी नर्सदीदींनी पाहिलं, मशीन बंदच होती.

त्यांनी मलाच झापलं आणि पट्टी बदलली. पुढे टाक्यांतून पू आला. त्यानेच झालं असं नक्की म्हणता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला मात्र अजूनही दुसरं काही सुचत नाही. टाके काढून जखम उघडी ठेवली, ती रोज धुवावी लागे. आई उशीचा कोपरा दातात धरून पडायची. मोठेबाबांचा विषय काढला की म्हणायची, "चूप राय. मोठे आहेत ते."

जखम साफ झाल्यावर पुन्हा टाके घातले, पुन्हा मशीन लावली. या वेळी दीदींनी बटणावर चिकटपट्टी मारून ठेवली.

स्पंजची पट्टी काढायच्या दिवशी माझा पेपर होता. बाहेर आलो तेव्हा बहिणीचा फोन आला. टाके कोरडे आहेत, म्हणाली. मग पुढे, "मोठेबाबा विहारात सांगून राहिले, माझ्या वंदनेनं जखम भरली म्हणून. आईनं त्यांच्याकडे पेढे पाठवले."