डावीकडचा पर्शेरॉन

इराकचं आक्रमण होऊन गेल्यावर तीन-चार वर्षांनी अर्दिया भागातल्या वर्कशॉपमधून मला जहऱ्याजवळच्या एका शेतावर पाठवलं. मी सुतार. एरवी दारं, कपाटं, किचनच्या फळ्या हेच काम. फोरमन म्हणाला, "बग्गी दुरुस्त करायची आहे. तुझ्या कोकणात बैलगाड्या असतात ना? मग तूच जा."

शेत म्हणजे खजुराची झाडं, जनावरांच्या गवताचे वाफे आणि भोवती उंच भिंत. तबेल्याच्या दारात मी थबकलो. आतला घोडा माझ्या कल्पनेतल्या कुठल्याच घोड्यासारखा नव्हता. त्याची पाठ माझ्या डोक्याच्या वर होती. रंग पांढुरका, पुठ्ठ्यांवर राखाडी गोल गोल ठिपके, मान फणसाच्या बुंध्याएवढी जाड. खूर जेवणाच्या ताटलीएवढे. एवढं मोठं जनावर, पण त्यानं माझा खिसा हुंगला तो लहान मुलानं हुंगावा तसा.

"घाबरू नको, त्याला राग येतच नाही," मोतद्दार म्हणाला. तो मुलतानकडचा म्हातारा होता, सगळे त्याला चाचा म्हणत. आम्ही हिंदीतच बोलायचो.

मी दांडीचं माप घेत होतो तेव्हा चाचानं मला त्या घोड्याची जात सांगितली. पर्शेरॉन. फ्रान्समधल्या पर्श नावाच्या टेकड्यांच्या मुलखातली. हे घोडे पळायचे नव्हेत, ओढायचे. पॅरिसच्या रस्त्यांवर माणसांनी भरलेल्या दुमजली गाड्या ओढल्या यांनी, टपालाच्या गाड्या ओढल्या, नांगर ओढले, पहिल्या महायुद्धात चिखलातून तोफा ओढल्या. शिंगरू जन्मतं काळं आणि वर्षागणिक पांढरं होत जातं. इंग्लंडच्या जड घोड्यांच्या पायांवर केसांच्या झालरी असतात, यांचे पाय साफ, म्हणून वाळूत बरे.

"आणि यांच्यात अरबी रक्त आहे असं म्हणतात," चाचा म्हणाला. "जुन्या काळी अरबांचे घोडे तिकडे राहून गेले. खरं-खोटं अल्ला जाणे. पण आमच्या मालकाला ती गोष्ट फार आवडली, म्हणून तर त्यानं जोडी मागवली."

"जोडी?" मी विचारलं, कारण समोर एकच होता.

चाचानं तबेल्याकडे बोट केलं. दोन घोड्यांना पुरेल एवढी जागा, मधे भिंत नाही. आणि हा घोडा डाव्या भिंतीला अगदी चिकटून उभा. उजवीकडची सगळी जागा मोकळी.

आमच्याकडे बैलांचंही तसंच. डाव्या अंगाचा बैल उजवीकडे जुंपला तर पाऊल उचलत नाही. पण जू काढून गोठ्यात बांधल्यावर कुठलाही बैल सोबत्यासाठी जागा सोडून उभा राहिलेला मी पाहिला नव्हता.

आक्रमण झालं तेव्हा मालकाचं कुटुंब सौदीत निघून गेलं. चाचा घोड्यांसाठी राहिला. एका सकाळी शिपाई आले, त्यांचा पाण्याचा टँकर वाळूत रुतला होता. त्यांनी उजवीकडचा घोडा नेला. चाचा फाटकाबाहेर, भिंतीच्या वळणापर्यंत त्यांच्यामागे गेला, तिथून त्याला बंदूक दाखवून परत पाठवलं.

"मारला नसेल त्यांनी," चाचा म्हणाला. "असं कामाचं जनावर कोण मारतं? बसऱ्याकडे कुणाच्या तरी शेतात नांगर ओढत असेल."

मला इथं आणणारा माझा चुलतभाऊ त्याच वर्षी गेला होता. पळताना आम्ही वेगवेगळ्या बसमध्ये चढलो. जॉर्डनच्या सीमेवरच्या तंबूत तो तापानं गेल्याचं मला गावी पोचल्यावर एका परक्या माणसानं सांगितलं. मी काही पाहिलं नाही. परत आल्यावर अब्बासिया वस्तीतल्या आमच्या खोलीत कितीतरी दिवस जिन्यावर पाऊल वाजलं की मी दाराकडे बघत असे.

माझं काम साधं होतं. जोडीच्या बग्गीला मधोमध एक लांब दांडी असते, दोन्ही अंगांना एकेक घोडा. ती काढून एकाच घोड्यासाठी दोन दांड्या बसवायच्या होत्या. मालकाच्या मुलीच्या लग्नात बग्गी हवी होती. दांड्या बसल्या, साज चढला, घोडा निमूट चालू लागला. फाटकाबाहेर भिंतीच्या वळणावर मात्र तो उभा राहिला. लगाम ओढला, चुचकारलं, कान मागे करून तसाच उभा. शेवटी चाचा त्याच्या उजव्या अंगाला गेला, दांडीवर हात ठेवला आणि त्याच्या बरोबरीनं चालू लागला. तसा तोही चालू लागला.

लग्नात बग्गी निघाली तीही अशीच. आत नवरा-नवरी, आणि घोड्याच्या उजवीकडे नवा दिशदाशा, अरबी पायघोळ झगा, घातलेला चाचा, अनवाणी असल्यासारखा हळू पाय टाकत. मी मागून चालत होतो. डांबरावर त्या जड टापा वाजत होत्या आणि मी कितीदा मोजल्या तरी चारांपेक्षा जास्त वाटत होत्या.

पुढच्या हिवाळ्यात भिंतीबाहेर लाकडी कुंपण घालायला मालकानं मला पुन्हा बोलावलं. तो भाग सुरुंग काढून मोकळा केलेला होता. शिपायांनी खणलेला एक चर तिथं वाळूनं बुजला होता. वळणापासून शंभर पावलांवर खांबाचा खड्डा खणताना फावडं लोखंडावर वाजलं. मी हातानं वाळू सारली. ताटलीएवढा नाल होता. नालात खूर होता, आणि खुराच्या वर हाड.

चाचा तेव्हा आत वैरण कापत होता. मी वाळू परत लोटली असती, खांब चार हात पलीकडे रोवला असता, तर कुणाला काही कळलं नसतं. पण मनाशी म्हटलं, माणसाला खरं कळलेलं बरं. वाट पाहणं काय असतं ते मला ठाऊक होतं. मी आत जाऊन चाचाला हाक मारली.

तो आला, वाकून बघितलं. नालाच्या आतल्या कडेला ठोकलेला एक जादा खिळा त्यानं बोटानं चाचपला. तो त्यानंच ठोकला होता.

"इतका जवळ होता," एवढंच तो म्हणाला.

त्यानं नाल सोडवून घेतला आणि तबेल्यात नेऊन घोड्याच्या नाकापुढे धरला. घोड्यानं हुंगला, नाक फुरफुरलं आणि तोंड फिरवून गवत खायला लागला. चाचा खाली बसला. मी त्याला रडताना पाहिलं नाही, पण उठताना त्याला माझ्या हाताचा आधार लागला.

त्यानंतर चाचा त्या घोड्याच्या उजवीकडून कधी चालला नाही. माझ्याशी तो वाईट वागला नाही, चहा द्यायचा, पण बसऱ्याचं नाव परत काढलं नाही. वर्षाच्या आत तो कायमचा मुलतानला गेला. जाताना मी म्हटलं, "चाचा, मी ते दाखवायला नको होतं."

"तू खरं तेच दाखवलंस," तो म्हणाला. "पण खोटं होतं तेव्हा मला झोप लागायची, बेटा."

नवीन मोतद्दार माझ्याच वयाचा बंगाली होता. घोडा वळणावर अडला की तो वैतागून जायचा. त्याला मदत म्हणून मी सुटीच्या एका शुक्रवारी गेलो, आणि मग शुक्रवार चुकवेनासा झालो. सकाळी बसनं जहरा, तिथून चालत. घोड्याच्या उजवीकडे उभं राहून दांडीवर हात ठेवायचा आणि वळणापलीकडे न्यायचं. लग्नाची बग्गी पुढे कधी निघाली नाही. घोडा खजुराच्या वाळलेल्या झाडांचे ओंडके आणि खताची गाडी ओढायचा. ओढताना मान खाली घालून सगळं अंग पुढे टाकायचा, घाई नाही की तक्रार नाही. हळूहळू ठिपके गेले आणि तो पुरता पांढरा झाला. चर होता त्या बाजूला बघायचं मी टाळत असे. तो मात्र तिथून जाताना कधी मान वळवत नव्हता, आणि त्याचंच मला जास्त भय वाटे.

दोन हजार सालानंतरच्या एका उन्हाळ्यात तो तबेल्यात आडवा पडला तो उठला नाही. मला बंगाल्यानं फोन केला. उचलायला लोडर मागवावा लागला. त्याला पुरल्यावर मालकानं मला खुर्ची दिली, स्वतः गावा, म्हणजे अरबी कॉफी, ओतला आणि विचारलं, "दुसरा मागवू का?" मी नको म्हटलं. मी कोण नको म्हणणारा, पण त्यानंही मागवला नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी आंघोळ करून खाली उतरलो आणि सवयीनं जहऱ्याच्या बसमध्ये बसलो. फाटकावर नवा पहारेकरी होता. त्यानं कुणाला भेटायचंय म्हणून विचारलं. मी कुंपण बघायला आलोय असं सांगितलं. त्यानं आत सोडलं. मी तासभर एकेक खांब हलवून पाहिला. सगळे पक्के होते.