सरांना पाठवलेल्या फायली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या आक्कालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

बेळगावकडच्या एका विद्यापीठात मी काम करते. पुस्तकं स्कॅन करायची, चुका सुधारून त्यांचा मजकूर तयार करायचा. मग ज्यांना दिसत नाही, त्यांना संगणक तो वाचून दाखवतो. नुसता स्कॅन दिला तर मात्र ते पानाचं चित्रच राहतं, संगणक मुका. चांगलं काम आहे. अंध पोरं दुवा देतात — मला!

इथंच आमचे मराठीचे सर होते. नाव नको. एम.ए.च्या तोंडी परीक्षेत घाबरून माझ्या तोंडून ‘न्हाय’ गेलं. सर परीक्षकांकडे बघून हसले. “वडगावची ना तू? मागाच्या खडखडाटात वाढलेल्यांना भाषेचा कान नसतो.” दारात माझे वडील, आप्पा, उभे होते, मागावर विणता विणता उठून आलेले, अंगावर सूत तसंच. त्यांनी ऐकलं.

ते मी विसरले असते का? विसरायचंच नव्हतं मला.

पुढं काचबिंदूनं सरांची नजर गेली. शिकवणं मात्र सोडवेना. पुस्तकं घेऊन माझ्याच टेबलाशी आले. आवाज ओळखला नाही त्यांनी माझा — तेही लागलं, खोटं कशाला बोलू.

मी फायली केल्या. नीट केल्या, एकेक वेलांटी तपासून. आणि सरांना पाठवले नुसते स्कॅन.

आठवड्यानं आले. “ते यंत्र ‘रिकामं पान, रिकामं पान’ एवढंच म्हणतंय गं.”

“पोरांना तर नीट चालतंय की, सर,” मी म्हटलं. “तुमचंच कायतरी चुकत असंल.” वर चहाही मागवला.

तीनदा आले. तिन्ही वेळा तेच स्कॅन, फायलीचं नाव तेवढं बदलून. दर खेपेला ते थोडे खचायचे आणि मी — मी त्याची वाट बघायची. दुसऱ्या कुणाला विचारतील अशी भीती होती. पण पोरांना विचारायचं म्हणजे मान खाली घालायची, ते सरांना जमणार नव्हतं. हे मला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी म्हणाले, “माझंच डोकं चालेना आता. तू लई कष्ट घेतलेस, बाई.”

लई. सर ‘लई’ म्हणाले. मला हसू आलं.

राजीनाम्याचा अर्ज त्यांनी मलाच सांगितला, मीच टाइप केला. सही कुठं करायची ते त्यांचं बोट धरून दाखवलं.

सर आता जवळच मच्छे गावी लेकीकडे असतात. दिवसभर नुसते बसून असतात म्हणे. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे, फायलीही आहेत. पाठवायला मिनिट लागणार नाही.

पाठवलेल्या नाहीत.