सातच्या खाली चौदा

पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना बाटलीकाकू म्हणत. काकूंची हयात पाण्याच्या बाटल्या वाहण्यात गेली होती. शाळा, दवाखाने, पाळणाघरं, जुन्या इमारती. कुणी नळ उघडायच्या आत तिथे पोचायचं, रात्रभर पाइपात साठलेलं पहिलं पाणी बाटलीत धरायचं, चिठ्ठी डकवायची आणि पुढचा दरवाजा गाठायचा. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा प्रयोगशाळेच्या मॅडमनी त्यांना जिन्यावरून उतरवून खुर्चीत बसवलं. खुर्चीसमोर संगणक होता.

"आता निकाल तुम्ही काढायचे, काकू. सगळं आरमध्ये आहे, ती आकडेमोडीची संगणकभाषा. शिकून घ्या, फार अवघड नाही."

घरी नवऱ्याने विचारलं, "काय शिकायचंय म्हणालीस?"

"आर."

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही. एवढंच नाव आहे त्याचं."

"मग संध्याकाळपर्यंत येईल की तुला," नवरा म्हणाला आणि कुशीवर वळला.

शिकवायला शेजारच्या टेबलावरचा आकडेवाला होता. कामाला हुशार, मनाने वाईट नाही, पण डोक्यावर चार माणसांचं काम. पहिल्या आठवड्यात त्याने काकूंना नीट समजावलं. एका इमारतीच्या नळांची मापं एकामागोमाग एक ठेवली की तो झाला व्हेक्टर. इमारतींचे नळ कमीजास्त असतात, म्हणून सगळ्या इमारतींची मापं एका लिस्टमध्ये ठेवायची. "लिस्ट म्हणजे मोठा खोका समजा, काकू. आत लहान डबे. कुठल्या डब्यात काय आणि किती, याला बंधन नाही."

काकूंना खोके-डबे कळत होते. अडायचं ते कंसापाशी. एखाद्या शाळेची मापं काढून सरासरी मागितली की संगणक लाल अक्षरांत काहीतरी खेकसायचा.

"तुम्ही एकेरी चौकोनी कंस लावलाय. त्याने डबाच हातात येतो. डब्याची सरासरी कशी निघणार? दुहेरी लावा, म्हणजे आतली वस्तू मिळेल."

दोन दिवसांनी काकूंनी तेच विचारलं. त्याने तेच सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. "रागावू नकोस रे, पण तो दुहेरी कंस..." आकडेवाल्याने डोळे मिटले, नाकातून एक लांब श्वास सोडला आणि मग अगदी सभ्यपणे, एकेक शब्द सुटा करून, कंस समजावला.

त्या श्वासाने काकू कानकोंड्या झाल्या. कुणी तोंडावर बोललं असतं तर त्यांनी दोन शब्द सुनावले असते. त्यांची जीभ काही बोथट नव्हती. पण श्वासाला काय उत्तर देणार? त्या दिवसापासून त्यांनी विचारणं सोडलं. जमेल ते स्वतः रेटायचं, नाही जमलं तर आदल्या आठवड्याचं काम उघडून त्याबरहुकूम करायचं. आकडेवाल्याला वाटलं, चला, काकू तयार झाल्या.

थंडी सुरू झाली तेव्हा पाळणाघराची मापं आली. इमारत जुनी होती. तिथल्या मावशींना पाण्याचा संशय होता, म्हणून निकाल येईपर्यंत त्या मुलांना विकतच्या कॅनचं पाणी देत होत्या. काकूंनी मापं उघडली, दुहेरी कंस बरोबर लावला आणि सगळ्यात मोठं माप कोणतं ते विचारलं. उत्तर आलं नऊ पूर्णांक एक. शिशाची मर्यादा दहाची. म्हणजे पाणी पास.

उत्तर अवतरणचिन्हांत आलं होतं. कुणी बोललेलं वाक्य असावं तसं. एरवी आकडे नुसते यायचे. काकूंनी चष्मा पुसून पाहिलं. चिन्हं होती. त्यांनी मान वळवली. आकडेवाला फोनवर होता, एका हाताने कपाळ चोळत. आता एवढ्याशा टिंबांसाठी त्याच्याकडे जायचं आणि तो श्वास ऐकायचा, हे काही त्यांच्याने होईना. आकडा तर दिसतोय, त्या मनाशी म्हणाल्या, आणि निकाल पुढे सरकवला.

दुपारी मावशींचा फोन आला. "काकू, आमचं काय झालं?"

"पाणी चांगलं आहे. निर्धास्त राहा."

"जीव भांड्यात पडला. कॅन बंद करते मग."

"करा," काकू म्हणाल्या.

थंडी सरत आली. वर्षाच्या अहवालासाठी मॅडमना सगळ्या इमारतींची मापं उतरत्या क्रमाने हवी होती. तोवर काकूंचा हात बसला होता. पाळणाघराच्या मापांवर त्यांनी आज्ञा चालवली आणि रांग पडद्यावर उतरली. सगळ्यात वर नऊ पूर्णांक एक. मग आठ. मग सात. आणि सातच्या खाली चौदा.

काकू त्या चौदाकडे बघत राहिल्या. त्याखाली बारा होता आणि सगळ्यात शेवटी एक आडवी रेघ; एका नळाला शिसं सापडलं नाही म्हणून यंत्रावरच्या माणसाने आकड्याऐवजी ती ओढून ठेवली होती. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना तीच चिन्हं. खुर्चीचा हात धरून त्या उठल्या आणि आकडेवाल्याकडे गेल्या.

"जरा येऊन बघतोस?"

त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "व्हेक्टरमध्ये एकाच प्रकारच्या गोष्टी राहतात, काकू. आकडा नसलेली एक खूण शिरली की सगळ्या आकड्यांचे शब्द होतात. मग शब्दकोशासारखा क्रम लागतो. पहिलं अक्षर बघितलं जातं. नऊ मोठा, एकावरून सुरू होणारा चौदा लहान." तो थांबला. "हा निकाल गेलाय?"

"केव्हाच."

"चिन्हं दिसली नव्हती तुम्हाला?"

"दिसली होती."

"मग विचारायचं ना मला."

काकूंच्या ओठांवर त्या श्वासाचं आलं होतं. त्यांनी ते गिळलं. तो त्यांच्याकडे बघत राहिला, मग त्याने नजर खाली घातली. त्याला कळलं की नाही, हे काकूंना कधीच कळलं नाही.

काकूंना आत बोलावून मॅडमनी दार लावून घेतलं. सुधारित निकाल आजच जाईल, म्हणाल्या. चूक पद्धतीत आहे, तपासणीचा एक टप्पा वाढवू, तुम्ही बाहेर कुणाशी बोलू नका. काकूंनी मान डोलावली, पर्स उचलली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी थेट पाळणाघर गाठलं.

मुलं दुपारची झोपली होती, गब्बू तेवढा सांभाळणाऱ्या बाईच्या मांडीवर जागा होता. मावशी दारातच भेटल्या, खांद्यावर ओला टॉवेल. काकूंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही मागे ठेवलं नाही. मावशी आधी हसल्या, गैरसमज झाला असेल म्हणून. मग आत गेल्या आणि नळाखाली ठेवलेली भरली कळशी त्यांनी मोरीत पालथी केली. बाहेर आल्या त्या रिकामी कळशी हातात धरूनच.

"मी तर तुमच्या शब्दावर कॅन बंद केले, काकू."

"हो."

"आता मुलांच्या आयांना काय सांगू?"

"माझं नाव सांगा," काकू म्हणाल्या.

मुलांचं रक्त तपासलं गेलं. काहींच्या रक्तात शिसं निघालं. चौकशी बसली, कागद फिरले, नळ आणि पाइप बदलले गेले. पद्धतीतली त्रुटी असं लिहून चौकशी संपली. मॅडम काही दिवस काकूंशी बोलल्या नाहीत. काकूंनी संगणकावरून काढा, बाटल्या धुवायला लावा, अशी विनंती केली. दुसरं माणूस नाही म्हणून ती फेटाळली गेली. मग त्या पुन्हा त्याच खुर्चीत बसल्या. आता त्या सगळंच विचारत. येत असलेलंही विचारत. आकडेवाला हातातलं काम टाकून यायचा आणि पुन्हा पुन्हा, आवाज न चढवता सांगायचा. ते सोसणं काकूंना अधिक जड जाई. घरी त्या जेवताना बोलेनाशा झाल्या. नवरा ताटात वाढून द्यायचा आणि समोर बसून राहायचा.

पुढे बऱ्याच महिन्यांनी बाजारात मावशी समोर आल्या. काकू बाजूला होणार होत्या, पण मावशींनीच थांबवलं. पाळणाघरात निम्मी मुलं उरली होती, असं त्यांनी सांगितलं. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

"तो गब्बू आठवतो? मांडीवरून न उतरणारा?"

"आठवतो."

"त्याच्या वयाची बाकीची पोरं आता बडबड करतात. तो अजून बोलत नाही."

काकूंनी पिशवी खाली ठेवली. "पाण्यामुळे?"

"डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. असेलही. काही मुलं मुळातच उशिरा बोलतात." मावशींनी पदर सारखा केला. "त्याची आई रोज विचारते मला. मी काय सांगणार?"

काकूंनी पिशवी उचलली. मावशी भाजीवाल्याच्या गाड्याकडे वळल्या.