शेवटची लहान भाकरी

आई भाकऱ्या थापते तेव्हा शेवटची नेहमी लहान होते. परातीला चिकटलेलं पीठ खरवडून केलेली ती भाकरी आमच्या भुऱ्याची, म्हणजे कुत्र्याची. आमच्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिला. नोकरी लागल्यावर ऐटीत भुऱ्यासाठी दुकानातलं खाणं आणलं, तर त्याने ते हुंगलं आणि आईकडे बघितलं. "बघ, त्याला पण कळतं," आई म्हणाली. पुढे म्हातारपणी त्याचे दात पडले, तेव्हापासून ती भाकरी दुधात कुस्करून द्यायची.

गेल्या आठवड्यात भुऱ्या गेला. आज सकाळी आईने परात खरवडली, लहान भाकरी थापली, तव्यावर टाकली आणि मग थांबली.

"हाताला कोण सांगणार, बाबा," ती म्हणाली.

माणूस गेलं की दहावं असतं, तेरावं असतं. लोक येऊन बसतात, आणि ते माणूस आता नाही हे हळूहळू अंगात उतरतं. कुत्र्याचं तसलं काही नसतं. आपण खड्डा खणतो, माती लोटतो, हातपाय धुऊन कामाला जातो. घरातले हात मात्र त्याची वाट बघत राहतात.

"बाहेरच्या कुत्र्यांना घालू का?" मी विचारलं.

"नको. त्याची आहे ती."

"मग मला दे."

तिने भाकरी दुधात कुस्करली, एकेक कडक तुकडा बोटांनी दाबून मऊ केला आणि ताटली माझ्यापुढे सरकवली. माझे सगळे दात शाबूत आहेत. तरी मी खात राहिलो.