मोकळा ठेवलेला माळ

सव्वीस वर्षांनी पोलादपूरला निघालो तो तिथल्या एका वाडीतल्या आबांच्या मुलाच्या, संतोषच्या फोनमुळे. "काका, तुमचा नंबर लय लोकांना विचारून काढला," तो म्हणाला. "कोकणातल्या नव्या रेल्वेची बातमी परत पेपरात आलीय. आबा म्हणतात, बघा, येतेय. आता तुम्हीच येऊन सांगा त्यांना, गाडी येणार का नाय." विचार करून कळवतो, असं मी म्हणालो. खरं तर विचार करण्यासारखं काही नव्हतं. उत्तर मला इतकी वर्षं माहीत होतं.

वैशाखात ठाण्याहून सकाळची एसटी धरली. शेजारी महाडच्या कोर्टात तारखेला निघालेले एक गृहस्थ होते. वीर स्टेशनची पाटी मागे पडली तसे ते म्हणाले, "आमच्या पोलादपूरलापण गाडी हाय. फक्त कागदावरनं धावते. तिकीट लागत नाय."

मागच्या बाकावरची बाई म्हणाली, "माझ्या लग्नात सासरे बोलले हुते, पुढल्या वर्षी रेल्वेनं माहेरी जाशील. आता मी सुनंला तेच सांगते."

सगळे हसले. मीही हसलो. दासगावला सावित्री दिसली. ओहोटी होती, काठचा चिखल उघडा पडला होता. "तुम्ही कोणाकडं?" गृहस्थांनी विचारलं. पाहुण्यांकडे, असं मी सांगितलं.

महाडच्या डेपोत पुढच्या गाडीला तासभर अवकाश होता. मिसळ मागवली, अर्धी टाकली. समोर परतीची गाडी लागली होती. तिच्या पायरीवर मी एक पाय ठेवला होता, हेही लिहून टाकतो. "ओ, आत चढा नायतर उतरा," कंडक्टर म्हणाला. मी उतरलो.

पोलादपूरच्या स्टँडवर संतोष मोटारसायकल घेऊन उभा होता. तो मुंबईत टेम्पो चालवतो, पावसाळ्यात गावी असतो; आता चार दिवसांची रजा काढून आला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राब (भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा पसरून जाळतात तो) धुमसत होते. डोळे चुरचुरत होते, त्यामुळे बोलावं लागलं नाही.

वाडी डोंगराच्या अगदी पायथ्याशी आहे. संतोषने मला आधी घरामागे नेलं. वरच्या उतारावर आडवी भेग गेलेली होती, माझा हात कोपरापर्यंत जाईल एवढी खोल. "दोन पावसाळं झालं," तो म्हणाला. "जोर वाढला की पोरांना, म्हाताऱ्याला घेऊन शाळंत झोपायला जातो. एकदा भर पावसात बायकोला, वैशालीला, नवव्या महिन्यात चालवत नेली."

"तुमच्या त्या मोकळ्या माळावर का नाही बांधत घर?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"तिथं तुमचं स्टेशन हाय ना, काका."

सव्वीस वर्षांपूर्वी मी एका खाजगी मोजणीवाल्याकडे कामाला होतो. किनाऱ्याच्या रेल्वेला महाड-पोलादपूरकडून जोडणारा एक फाटा सुचवला होता, त्याची नुसती प्राथमिक पाहणी चालली होती. माझं काम मोजपट्टी धरून उभं राहण्याचं. पण वाडीत सगळे मला साहेब म्हणायचे. शेवटच्या दिवशी त्यांनी कोंबडं कापलं आणि वाघजाईच्या देवळात गाऱ्हाणं घातलं (देवीसमोर सगळ्या गावाच्या वतीने केलेली विनवणी). गाडी येऊ दे, मुंबईची पोरं सणाला वेळेवर पोचू देत. आबांनी मला विचारलं, "सायेब, आमच्या माळावरनं जाईल?" मी देवीपुढच्या नारळावर हात ठेवला आणि म्हणालो, "स्टेशनच तिथं होईल. जागा मोकळी ठेवा."

मला कोणी काही सांगितलं नव्हतं. साहेब म्हणवून घेणं बरं वाटत होतं, एवढंच. वर्षभरात ऑफिसात नवा नकाशा आला, त्यात तो फाटा नव्हता. कळवायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. आज लिहू, उद्या लिहू करत राहिलो.

आबा ओसरीवर बसले होते. ऐंशीच्या घरातले, पण पाठ ताठ. "सायेब आले," ते म्हणाले आणि उठू लागले. वैशालीने तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि परतलेली सुकट वाढली. मी अर्धीच भाकरी खाल्ली. आबा म्हणाले, "खावा. शहरात असली सुकट मिळत नाय."

तेव्हा मी ताटावरच सांगितलं. स्टेशनचं मी माझ्या मनाचं बोललो होतो. फाटा तेव्हाच रद्द झाला होता, आणि मला ते माहीत होतं.

आबांनी घास खाली ठेवला. "माझा धाकटा भाऊ त्या माळावर काजू लावायचा म्हणत हुता," ते म्हणाले. "मी त्याच्याशी बोलणं टाकलं. तो गेला तरी बोललो नाय."

मी माफी मागू लागलो. त्यांनी हात वर केला. "माझ्याजवळ बोलून काय उपेग? तू बोललास देवीपुढं. ती जागा तिच्या कानावर घालून ठेवलेली हाय. तिथंच परत घे, म्हणजे पोरं बांधायला मोकळी."

संतोष चिडला. "आबा, आता सांगितलं ना त्यांनी. अजून देवळात कशाला?"

"तुझी कुदळ त्या मातीत जाईल काय तशीच?" आबांनी विचारलं. संतोष उठला आणि गुरवाला सांगायला गेला.

उन्हं कलल्यावर देवळात वीसेक माणसं जमली. काठी टेकत आलेली एक म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्योच का गो तो स्टेशनवाला? तेव्हा केस हुते." कुणीतरी हसलं. गुरवाने माझ्या हातात नारळ दिला. "बोला. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

"मी खोटं बोललो होतो," मी म्हणालो. मागच्यांना ऐकू गेलं नाही. गुरव म्हणाला, "परत." मी परत बोललो. "दिलेला शब्द मी मागे घेतो. जागा आबांची आहे."

गुरवाने देवीला सांगितलं, "आई, ह्या लेकरानं चुकीचा शब्द दिला, तो माघारी नेतोय. जागा मोकळी कर, पोरांच्या घराला राखण दे." सगळे म्हणाले, "होय म्हाराजा." मलाही म्हणावं लागलं.

बाहेर आल्यावर संतोष माळावर पावलं टाकून जोत्याचा (घराच्या पायाचा) अंदाज घेत होता. आबा मला म्हणाले, "औंदा काय हुयाचं नाय. पाऊस महिन्यावर आला. औंदापण शाळाच."

दुसऱ्या दिवशी मी ठाण्याला परतलो. मन हलकं होईल म्हणून गेलो होतो, तसं काही झालं नाही. माझ्या एका वाक्याने आबांचा भाऊ तुटला आणि एक कुटुंब भेगेखाली राहिलं. मी देवळात उभा राहिलो म्हणून त्यातलं काही भरून येत नाही.

आता पाऊस सुरू आहे. टीव्हीवर महाड-पोलादपूरचं नाव आलं की मी संतोषला फोन लावतो. परवा फोन आबांनीच घेतला. मागे पोरांचा गलका आणि पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता. "शाळंत हाव सगळी," ते म्हणाले. "तू जेवलास काय? झोप आता. आमची काळजी करू नको."