बुट्टा परत येत नाही

खुर्च्या-टेबलं मी हातानंच बनवतो. नंदगडकडच्या एका शेतात वाळलेलं शिसवाचं झाड विकत घेऊन मी बेळगावच्या वखारीत चिरायला आणलं होतं. पहिलीच फळी निघाली, तिच्यावर काळ्या-तपकिरी लाटाच लाटा. खुर्च्यांच्या पाठींसाठी तुकडे पाडायचे म्हणून मी खडूनं रेघा मारत होतो.

मागाचा दांडा करून घ्यायला आलेले वडगावचे एक म्हातारे विणकर जवळ आले. त्यांनी फळीच्या टोकावर वीत टेकवली आणि वीत-वीत पुढं सरकत गेले. दुसऱ्या टोकाला पोचले, थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

"आप्पा, काय मोजताय?"

"मोजत न्हाय रं. बुट्टा परत कुठं येतोय त्ये बघतोय. जल्मभर साड्या विणल्या, हातभर कापडात त्योच बुट्टा परत येतोय." मग देवळात बोलावं तसं हळू म्हणाले, "ह्यात येतच न्हाय. विणणाऱ्यानं एकदाबी मागं वळून बघितलं न्हाय बघ."

दांडा घेऊन ते निघून गेले. मी ओल्या फडक्यानं खडूच्या रेघा पुसल्या, तशा लाटा आणखीच गडद झाल्या.

करवतवाल्यानं विचारलं, "अण्णा, कुठं कापू?"

मला बोट ठेवायला जागा सापडेना.